वापरून फेकलेल्या सिरिंजचं पुढे काय होतं?

इंजेक्शन देण्याआधी माझ्याकडचे निम्मे पेशंट एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, सुई नवीन आहे ना?" मी पाकीट त्यांच्यासमोर फाडतो, त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय संपतो. इंजेक्शन झाल्यावर ती सुई आणि सिरिंज कुठे जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. मागच्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं. स्वीडनमध्ये हॉस्पिटलच्या प्लॅस्टिक कचऱ्यापासून पुन्हा रसायनं तयार करण्याचे प्रयोग चालू आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. "मग आपण ते जाळून का टाकतो हो डॉक्टर? इतकं स्वच्छ, पांढरंशुभ्र प्लॅस्टिक!"

बाहेर पंधरा पेशंट बसले होते, म्हणून मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. पैकी एक वाक्य असं होतं की नियमाप्रमाणे आपल्याकडे सिरिंज जाळायची नसतेच. ते ऐकून सर चकित झाले. तुमच्यापैकीही अनेकांना हे माहीत नसेल. म्हणून आज पूर्ण गोष्ट लिहितो. ही गोष्ट कचऱ्याची असली तरी तिची सुरुवात काचेच्या सिरिंजपासून करावी लागेल. हॉस्पिटलात इतकं प्लॅस्टिक आलं कशासाठी, हे कळल्याशिवाय त्याचं काय करायचं हे कळणार नाही.

उकळत्या पाण्याचे दिवस

त्वचेखाली औषध टोचण्याची पद्धत १८५३ च्या सुमारास रूढ होऊ लागली. एडिंबरोचे डॉ. अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधले डॉ. शार्ल प्रावाझ या दोघांची नावं त्यासाठी घेतली जातात. एकोणिसावं शतक संपता संपता पूर्ण काचेची सिरिंज आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तिचंच राज्य होतं. आपल्याकडे तर त्याहूनही जास्त.

माझ्या वयाच्या डॉक्टरांनी तिचे शेवटचे दिवस पाहिले आहेत. स्टीलचा लांबट स्टरिलायझर, त्यात उकळणारं पाणी, तळाशी क्षारांचा पांढरा थर. काचेच्या नळीवर आणि तिच्या दट्ट्यावर एकच नंबर कोरलेला असे, कारण एकीचा दट्ट्या दुसरीत नीट बसत नसे. सुया जाड. बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची, आत रक्त सुकून बसलं तर बारीक तार घालून मोकळी करायची. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना दवाखान्यातला तो वास आणि चिमट्याचा खणखणाट आठवत असेल.

पुस्तकात लिहिलेलं असे, आधी नीट धुवा, मग पाणी उकळू लागल्यापासून वीस मिनिटं मोजा. पण ओपीडीत शंभर माणसं आणि सिरिंज सहा, अशा ठिकाणी वीस मिनिटं कोण मोजणार? उकळी आली की झालं. लसीकरणाच्या रांगेत तर सुई बदलायची आणि सिरिंज तीच ठेवायची, अशीही पद्धत जगभर होती. इंजेक्शन देताना रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश उलटा नळीत येऊ शकतो, ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. त्याला नळीतला एवढासा अंश पुरतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते इजिप्तने पाहिलं. नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाविरुद्ध तिथल्या सरकारने १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुमारापर्यंत खेड्याखेड्यांत शिरेतून इंजेक्शनं देण्याची मोहीम चालवली. हेतू चांगला होता, लाखो लोकांना उपचार मिळाले. पण एका माणसाला बारा-पंधरा इंजेक्शनं, काचेच्या मोजक्या सिरिंज आणि घाईची उकळणी. कृमीबरोबर लढताना त्या सिरिंजमधून हिपॅटायटिस सी पसरत गेला. तो विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, तोपर्यंत नुकसान होऊन चुकलं होतं. २००८ च्या पाहणीत तिथल्या साधारण दर सात प्रौढांपैकी एकाच्या रक्तात त्या संसर्गाची खूण सापडली.

म्हणून कुणी मला "पूर्वी काचेच्या सिरिंज होत्या, कचरा नव्हता, किती बरं होतं" असं म्हटलं, की मी मान डोलावत नाही. कचरा नव्हता हे खरं. बाकीचं खरं नाही.

एकदा वापरा, फेकून द्या

१९५० च्या आसपास पाच-सहा वर्षांत बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. बॉस्टनचे शल्यचिकित्सक कार्ल वॉल्टर यांनी रक्त साठवायला काचेच्या बाटलीऐवजी मऊ पीव्हीसीची पिशवी आणली. १९५४ मध्ये साल्क यांची पोलिओची लस लाखो अमेरिकन मुलांना द्यायची होती, त्यासाठी बेक्टन डिकिन्सन कंपनीने एकदाच वापरायच्या सिरिंज केल्या. त्या मात्र अजून काचेच्या होत्या. न्यूझीलंडच्या टिमारू गावातले एक औषधविक्रेते, कॉलिन मर्डोक, यांनी १९५६ मध्ये प्लॅस्टिकच्या डिस्पोजेबल सिरिंजचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ जनावरांवरही उपचार करत आणि दुरून भूल देणारी बंदूकही त्यांचीच. त्यांच्या देशाच्या आरोग्य खात्याला प्लॅस्टिकच्या सिरिंजची कल्पना काळाच्या फारच पुढची वाटली होती!

याच सुमाराला, १९५४ मध्ये, इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये जूलिओ नाट्टा यांनी प्रॉपिलीन वायूच्या रेणूंची शिस्तीत लांब साखळी करून दाखवली. हेच पॉलिप्रॉपिलीन. तेलशुद्धीकरणात मुबलक मिळणारा, तेव्हा फारसं मोल नसलेला वायू आणि त्यापासून बनलेलं हलकं, चिवट, औषधाशी न मिसळणारं प्लॅस्टिक. नाट्टा यांना १९६३ मध्ये कार्ल झिग्लर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आज तुमच्या दंडाला टोचली जाणारी सिरिंज बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचीच असते. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

प्लॅस्टिकची वस्तू पाकिटात बंद करून मग निर्जंतुक करायची, ही यातली खरी क्रांती. त्यासाठी एथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण वापरतात. गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारं आपल्या देशातलं केंद्र, आयसोमेड, १९७४ मध्ये मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सुरू केलं. अणुशक्तीचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बॉम्ब येतो. बाळंतपणाच्या सामानाचं पाकीट येत नाही, पण तेही तिथून निर्जंतुक होऊन येत असे.

तरी सामान्य दवाखान्यात डिस्पोजेबल सिरिंज पोचली ती भीतीमुळे. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्ही बाधित रुग्ण सापडले. पुढच्या दहा वर्षांत लोकांनी स्वतःहून "डिस्पोजल सुई वापरा" असा आग्रह धरला. तुम्ही आज विचारता तो प्रश्न त्या काळात जन्मला.

फेकलेली सिरिंज परत येते

आता गोष्टीला वळण मिळतं. काचेची सिरिंज कुणी चोरत नसे. प्लॅस्टिकच्या सिरिंजला मात्र फेकल्यानंतरही किंमत असते, कारण तिचा मूळ गुणच टिकाऊपणा. धुऊन पुसून पाकिटात घातली तर नव्या-जुन्यातला फरक मलाही सांगता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० या एका वर्षात जगात असुरक्षित इंजेक्शनांमुळे सुमारे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस बी, २० लाखांना हिपॅटायटिस सी आणि २ लाख ६० हजार लोकांना एचआयव्हीची लागण झाली. आपल्याकडे त्यानंतर देशभर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दर दहा इंजेक्शनांपैकी सहा या ना त्या कारणाने असुरक्षित आढळली. म्हणजे डिस्पोजेबल सिरिंज आली, पण ती 'डिस्पोज' होत नव्हती.

२००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली. कावीळ झालेल्यांपैकी कित्येक जण दगावले. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या: काही दवाखान्यांत त्याच त्या सुया-सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि वापरलेल्या सिरिंज गोळा करून विकणारा एक चोरटा धंदाच चालत होता. पोलिसांनी गोदामांवर छापे घातले. मी तेव्हा बातम्या वाचत होतो आणि मला वॉर्डातलं एक जुनं दृश्य आठवत होतं. एका हॉस्पिटलात मागच्या दाराशी भंगारवाला उभा राहून सलाइनच्या बाटल्यांचा भाव करत होता आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. सिरिंजचा आकार शाबूत आहे तोवर ती धोकादायक आहे, मग ती कितीही स्वच्छ असो. तेव्हा आकार मोडा. मार्क कोस्का या इंग्रज गृहस्थांनी १९८४ मध्ये याविषयीची एक बातमी वाचली आणि ते या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांच्या सिरिंजचा दट्ट्या एकदा खाली गेला की अडकतो, जोर करून ओढला तर तुटतो. अशा ऑटो-डिसेबल सिरिंज सगळ्या लसीकरणात वापराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९९ मध्ये जाहीर केलं. आपल्या सरकारी लसीकरणातही आता त्याच असतात. आणि बाळाला लस दिल्यावर सिस्टर सुई एका छोट्या यंत्रात घालून 'कट' असा आवाज करतात, तो हब कटर. पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐका.

मग जाळूनच टाकू या

आकार मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आग. १९८७-८८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यांवर वापरलेल्या सिरिंज वाहून आल्या, समुद्रकिनारे ओस पडले, अमेरिकन संसदेने १९८८ मध्ये तातडीने कायदा केला. हॉस्पिटलं कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर आणखीच विसंबून राहिली. आपल्याकडे दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९६ मध्ये ५० आणि त्याहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलना इन्सिनरेटर किंवा तितकीच परिणामकारक दुसरी सोय करायला सांगितलं. सिरिंज परत वापरात येण्याच्या भीतीपुढे हा निर्णय समजण्यासारखा होता.

पण हॉस्पिटलच्या कचऱ्यात पॉलिप्रॉपिलीन एकटं नसतं. सलाइनची नळी, लघवीची पिशवी, रक्ताची पिशवी या पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो. पीव्हीसी अर्धवट जळलं आणि तो धूर सावकाश थंड झाला, तर त्यात डायॉक्सिन नावाची रसायनं तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात, कर्करोगाला कारणीभूत ठरतात आणि आईच्या दुधातूनही बाळापर्यंत जातात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशातल्या डायॉक्सिनच्या मोठ्या स्रोतांची यादी केली, तेव्हा वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या त्यात अगदी वर होत्या. रोग बरे करणाऱ्यांच्या धुराड्यातून रोग बाहेर पडत होता. १९८८ मध्ये तिथे अशा सहा हजारांवर भट्ट्या होत्या. वीस वर्षांत त्या शंभराच्या खाली आल्या.

आपले जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम जुलै १९९८ चे. ते मार्च २०१६ मध्ये नव्याने आले, आणि ते वाचताना मागचा सगळा इतिहास ओळीओळीत दिसतो. भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता हवी आणि धूर तिथे दोन सेकंद तरी राहायला हवा, ही अट डायॉक्सिनमुळे. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करायचे, तेही त्याचमुळे. रक्ताच्या पिशव्यांना पुढे सूट मिळाली आणि त्याचं कारण मजेशीर आहे. पीव्हीसी मऊ करायला जे रसायन मिसळतात, ते थोडं रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशींचं आवरण टिकवायला मदत करतं. चोख पर्याय सापडेपर्यंत रक्तपेढ्या ती पिशवी सोडू शकत नाहीत.

लाल पिशवी

सरांना मी जे म्हटलं ते इथे येतं. दवाखान्यात तुम्हाला चार रंग दिसतील. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे काढलेले भाग, हे जाळायचं. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच. लाल पिशवीत सुई काढलेली सिरिंज, सलाइनचे सेट, कॅथेटर, हातमोजे. ही लाल पिशवी जाळण्यासाठी नसते. ती सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते. तिथे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना, १५ पौंड दाबाच्या वाफेत निदान तासभर ठेवायची. मग यंत्रात तिचा चुरा करायचा, इतका की त्यातली कुठलीही वस्तू ओळखू येऊ नये. हा चुरा कचरा डेपोत टाकायला मनाई आहे. तो अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचा, नाहीतर त्यापासून ऊर्जा किंवा इंधन तेल करायचं, नाहीतर रस्त्याच्या डांबरात घालायचा. हे सगळं नियमातच लिहिलेलं आहे.

म्हणजे नियमाने आकार दोनदा मोडला: दवाखान्यात कापून आणि केंद्रात चुरा करून. पण चुऱ्याचंही एक दुखणं आहे. त्यात पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, रबर, नायट्राइल, पॉलिस्टायरीन सगळी खिचडी. वितळवलं तर सगळे प्रकार एकजीव होत नाहीत आणि दर वेळी वितळताना रेणूंच्या साखळ्या तुटून आखूड होतात, माल ठिसूळ होतो. त्यातून बादल्या, पाइप असल्या कमी प्रतीच्या वस्तू होतात. नवी सिरिंज होऊ शकत नाही, होऊही नये.

एकाच जातीचं प्लॅस्टिक वेगळं मिळालं तर वितळवूनही चांगलं काम होतं. कोविडमध्ये पीपीई किटचे ढीग साचले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काही कंपन्यांच्या साथीने निर्जंतुक केलेल्या किटांपासून साच्यातल्या प्लॅस्टिक वस्तू करून दाखवल्या, हे २०२१ मध्ये. किटचं कापड बरंचसं पॉलिप्रॉपिलीनचंच असल्याने ते जमलं. त्या काळात हा प्रश्न किती वाढला होता? जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिशेब मांडला: जगभर दिलेल्या पहिल्या ८०० कोटी लशींच्या मात्रांमधून सिरिंज, सुया आणि त्यांचे डबे मिळून १ लाख ४४ हजार टन कचरा.

साखळीच तोडायची

आता सरांनी वाचलेल्या बातमीकडे येऊ. प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे हजारो मण्यांची माळ. वितळवताना माळ तशीच राहते. पण हवा न लागू देता ती चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवली की माळ जागोजागी तुटते आणि तेल मिळतं. याला पायरोलिसिस म्हणतात. त्याहून वर, आठशे अंशांच्या आसपास वाफेबरोबर तापवलं, तर तुकडे आणखी लहान होतात आणि मूळ मणीच हाती येतात: एथिलीन, प्रॉपिलीन, थोडं बेंझिन. तेच प्रॉपिलीन, ज्यापासून नाट्टा यांनी साखळी केली होती.

ही युक्ती नवी नाही. पेट्रोरसायन उद्योग नॅफ्था किंवा नैसर्गिक वायूतले घटक याच पद्धतीने फोडतो. आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला असा क्रॅकर आहे. प्लॅस्टिकच्या कचऱ्यावर हा प्रयोग जर्मनीत हँबुर्ग विद्यापीठात हान्सयोर्ग झिन आणि वाल्टर कामिन्स्की यांनी १९७० च्या दशकात तापलेल्या वाळूत करून पाहिला. वाळू खालून वायूने फुंकली की पाण्यासारखी खळखळते आणि प्लॅस्टिकला सगळीकडून सारखी उष्णता मिळते. आपले चणे-फुटाणेवाले कढईत गरम वाळू का वापरतात, ते आठवा. १९९४ मध्ये बीएएसएफ कंपनीने लुडविग्सहाफेनला प्लॅस्टिक फोडून कच्चा माल मिळवणारा वर्षाला १५ हजार टनांचा प्रायोगिक कारखाना उभारला आणि दोन वर्षांत बंदही केला. यंत्र अडलं नव्हतं. खात्रीने आणि परवडेल अशा भावात पुरेसा कचरा मिळेना. या शास्त्राच्या वाटेत रसायनापेक्षा हिशेबच जास्त वेळा आडवा आला आहे.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले संशोधक गेली काही वर्षं तीच तापलेली वाळू आणि वाफ वापरून मिश्र प्लॅस्टिक फोडत आहेत, आणि अलीकडे त्यांनी मास्क, हातमोजे यांसारख्या एकदाच वापरायच्या वैद्यकीय वस्तू त्यात घालून पाहिल्या. डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार पटते. आठशे अंशांना जंतू आणि विषाणू शिल्लक राहण्याचा प्रश्नच नाही, प्लॅस्टिकचे प्रकार निवडत बसण्याची गरज बरीच कमी होते, आणि बाहेर येतो तो वायू. त्याला सिरिंजचा आकार नाही, त्यावर कुणाचं रक्त नाही. त्यापासून पुन्हा केलेलं पॉलिप्रॉपिलीन खनिज तेलापासून केलेल्याइतकंच नवं असतं. मोडासाच्या गोदामातला माणूस त्याचं काहीही करू शकत नाही.

पीव्हीसीचं दुखणं इथेही आहेच. अडीचशे-तीनशे अंशांतच ते हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं, आणि तो कारखान्याच्या लोखंडी नळ्या खाऊन टाकतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ॲन मॅकनील यांच्या गटाने २०२२ मध्ये हीच अडचण उपयोगात आणली. त्यांनी पीव्हीसीमधून विजेच्या साहाय्याने क्लोरीन काढून घेतला आणि तो दुसऱ्या रेणूंना जोडून औषधं व शेतीची रसायनं करायला लागणारे पदार्थ मिळवले. गंमत म्हणजे या क्रियेला मदत करतं ते पीव्हीसी मऊ करणारं रसायनच, रक्ताच्या पिशवीतलं. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, पण दिशा पाहा.

"मग आपल्याकडे कधी?" हा सरांचा पुढचा प्रश्न. देशात जैववैद्यकीय कचरा दिवसाला सहाशे टनांहून जास्त निघतो. तो गावोगावच्या हॉस्पिटलांत विखुरलेला असतो आणि त्यातला लाल पिशवीचा भाग आणखी कमी. क्रॅकरसारख्या कारखान्याला रोज भरपूर, एकसारखा माल लागतो. नुसत्या सिरिंजवर तो चालणार नाही, इतर प्लॅस्टिक कचऱ्याबरोबरच चालेल. दुसरं, प्लॅस्टिकचं तेल करून ते बॉयलरमध्ये जाळलं तर त्याला पुनर्चक्रण म्हणणं मला पटत नाही. ती दोन टप्प्यांत केलेली जाळपोळच आहे. आणि तिसरं, यातून निघणारं बेंझिन रक्ताचा कर्करोग करू शकतं. हे काम रासायनिक कारखान्याच्या शिस्तीत व्हायला हवं, गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही. टायर वितळवणाऱ्या शेडचा धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

या सगळ्याची पहिली पायरी दवाखान्यातच आहे. लाल पिशवीत एक रक्ताळलेला बोळा किंवा एक सुई गेली, की पुढची सगळी साखळी बिघडते. कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटाला ती सुई टोचली आणि तिने लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. हिपॅटायटिस सीची तीनच्या आसपास, एचआयव्हीची हजारात तीन.

आता हे तुमच्या घराबद्दल. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी रोज दोन-तीन पेन-सुया निघतात आणि त्या बहुधा ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात. असं करू नका. फ्लोअर क्लीनरची किंवा डिटर्जंटची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहा, वापरलेली सुई टोपण परत न लावता थेट त्यात टाका. टोपण लावतानाच बोटाला जास्त टोचते. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांकडे किंवा नगरपालिकेच्या घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. माझ्या दवाखान्यात आणून दिली तरी चालेल, आमच्या पांढऱ्या डब्याबरोबर जाईल. सरांनी त्यांची बाटली परवा आणून दिली. शाळेतल्या सवयीने तिच्यावर तारीखही घातली होती.